पुसलेली दोन पोरं

चित्रातलं आपल्याला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शाळेत चित्रकलेच्या तासाला माझ्याकडं रंगपेटी नसायची. मास्तर म्हणायचे, तू जा, बाहेरच्या झाडांना पाणी घाल. जलरंगाचं माझं शिक्षण एवढंच. जल होतं, रंग नव्हता.

तरी एका जलरंगातल्या चित्रावर लिहितोय. कारण ते चित्र सहा महिने झाले मानगुटीवर बसलंय. रात्रपाळीला रिंग खात्यात साच्यांच्या मधनं फिरतो, तुटलेला धागा सांधतो, आणि ते पोरगं डोळ्यांपुढं येतं. भिंतीबाहेर उभं.

इचलकरंजीत एका रद्दीवाल्याकडं ते पुस्तक मिळालं. इंग्रजी, पुठ्ठा गेलेला, चाळीस रुपये. चित्रकार विन्स्लो होमर. समुद्र, होड्या, माडाची झाडं. म्हटलं, भाच्याला दाखवू. पानं उलटताना मधेच हे आलं आणि हात थांबला.

चित्राचं नाव ‘अ गार्डन इन नासाऊ’. साल १८८५. नासाऊ म्हणजे बहामा बेटांची राजधानी, तिथली एक बाग. पण बाग नीट दिसतच नाही. दिसते ती भिंत. उन्हानं पांढरी पडलेली. भिंतीत फाटक, तेही बंद. भिंतीच्या वर आतले माड डोकावतात. आणि बाहेर धुळीत एक लहानगं काळं पोर. संपलं चित्र.

मी म्हटलं, आयला, हे तर आपलंच गाव.

आधी ह्या होमरची ओळख करून देतो. कारण माणूस वाईट नाही, आणि आपण माणसाला न वाचता शिव्या देत नाही. जन्म १८३६, बोस्टन. आई जलरंगात फुलं-पानं रंगवायची, तीच पहिली गुरू. एकोणिसाव्या वर्षी शिळाछापाच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून चिकटला. तिथलं जोखड त्याला असं काचलं की सुटल्यावर पुन्हा कुणाची चाकरी करायची नाही असं ठरवून बसला. रीतसर चित्रशाळा फारशी नाही, बहुतेक आपलं आपणच शिकलेला. म्हणून मला तो आधी जवळचा वाटला. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तेव्हा ‘हार्पर्स वीकली’ ह्या साप्ताहिकासाठी लढाईची, छावण्यांची चित्रं करत होता. १८७६ साली त्यानं कापूस वेचणाऱ्या दोन काळ्या बाया रंगवल्या. गुलामी कागदावर संपून अकरा वर्षं झालेली, बाया मात्र कापसातच उभ्या.

जलरंग त्यानं मनापासून हातात घेतला तो १८७३ साली. हे साल वाचलं आणि मी ताडकन उठून बसलो. १८७३ म्हणजे जोतीरावांची ‘गुलामगिरी’. काळ्या गुलामांना मोकळं करायला झटलेल्या अमेरिकेतल्या भल्या माणसांना ती अर्पण केलेली. होमरला जोतीराव ठाऊक असायचं कारण नाही. पण जोतीरावांना त्याचा देश ठाऊक होता. आमचा माणूस त्यांच्या दुःखाकडं भिंतीवरून बघत होता, दीडशे वर्षांपूर्वी.

आता नासाऊ. १८८४ च्या डिसेंबरात होमर तिथं गेला तो काही समाजसेवा करायला नाही. ‘सेंच्युरी’ नावाच्या मासिकाला नासाऊवर लेख छापायचा होता, त्यासाठी चित्रं हवी होती. अमेरिकेतले पैसेवाले थंडी चुकवायला तिथं जायचे. त्यांच्यासाठी १८६१ सालीच रॉयल व्हिक्टोरिया हे टोलेजंग हॉटेल उभं राहिलेलं. लेख १८८७ साली छापून आला. म्हणजे काम काय, तर पाहुण्यांना गोड वाटेल असं बेट रंगव. निळं पाणी, तांबडी फुलं, हिरवे माड.

होमरनं निळं पाणी रंगवलं. पण त्या पाण्यात बुडी मारणारेही रंगवले. ‘द कॉन्क डायव्हर्स’ नावाचं चित्र आहे, तेही १८८५ चं. होडी, ओली उघडी अंगं, पाण्यातून वर काढलेला शंख. शंखातलं मांस हे तिथल्या गरिबाचं रोजचं कालवण. तसेच समुद्राच्या तळातून स्पंज काढणारे, कासवं पकडणारे. त्या काळच्या अमेरिकन छाप्यांत काळा माणूस म्हणजे जाड ओठांचा विदूषक. होमरच्या बेटावरचा काळा माणूस विदूषक नाही. त्याच्या पाठीला कणा आहे, दंडाला काम आहे. हे त्याचं देणं मी मान्य करतो.

पण चित्र जे सांगत नाही ते आपण विचारलं पाहिजे. ब्रिटिशांच्या राज्यात गुलामी १८३४ साली कायद्यानं संपली. त्यातही १८३८ पर्यंत ‘शिकाऊ’ म्हणून जुन्याच मालकाकडं राबायचं. मग मोकळे. मोकळे म्हणजे कसे? जमीन मालकाची, दुकान मालकाचं, होडी मालकाची. स्पंज काढायला निघणाऱ्या खलाशाला व्यापारी आधी पीठ, कापड, सामान उधारीवर द्यायचा. परत आल्यावर हिशोब. हिशोब मालकाच्या वहीत. वाटणी झाली की उधारी कापून हातात काही नाही, पुन्हा उधारी, पुन्हा समुद्र. आपल्याकडं ऊसतोडीला जाताना मुकादमाची उचल असते ना, तेच. फरक एवढाच की इथं उसाचं पाचट आणि तिथं खारं पाणी.

आणि कापूस. तो मला ह्या बेटावर भेटेल असं वाटलं नव्हतं. यादवीच्या चार वर्षांत उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली. तेव्हा दक्षिणेतला कापूस चोरवाटेनं नासाऊला यायचा आणि तिथून इंग्लंडला जायचा. नासाऊत पैशाचा पूर. तरी लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस पुरेना, म्हणून इकडं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. १८६५ साली लढाई संपली. नासाऊ बसलं आणि मुंबईचा शेअरबाजारही आपटला. एकाच कापसानं दोन बेटं श्रीमंत केली आणि दोन्ही झोपवली. दोन्हीकडं श्रीमंत कोण झालं आणि कापूस कुणी वेचला, हे मी सांगायला नको. मी रोज त्याच कापसाचं सूत काढतो. म्हणून म्हणतो, ते पोरगं परकं नाही.

आता खरी गोष्ट.

पुढं वाचनालयात होमरवरचं दुसरं पुस्तक हाती लागलं. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचत होतो. त्यात ह्या चित्राविषयी लिहिलेलं. जाणकारांनी कागद बारकाईनं तपासला, तेव्हा कळलं की चित्रात आधी एकच पोर नव्हतं. आणखी दोन होती. भिंतीवरून नारळाकडं जाणारी. होमरनं ती आधी काढली आणि मग पुसून टाकली.

मी पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं. पुन्हा तेच वाक्य.

जलरंगात पुसणं सोपं नसतं म्हणे. तैलरंगात एकावर एक थर चढवता येतो, खालचं झाकून टाकता येतं. जलरंगात कागदाचा पांढरा हाच पांढरा. उन्हातली भिंत दाखवायची तर कागद तसाच सोडायचा किंवा अगदी पातळ हात मारायचा. चुकलं तर रंग ओला करून टिपून घ्यायचा. नाहीच गेला तर पात्यानं कागद खरवडायचा. होमर ह्या कामात वस्ताद होता. म्हणजे दोन पोरं नुसती झाकली नाहीत. टिपून, खरवडून काढली आणि त्या जागी भिंत नीट केली.

का काढली? चित्र जास्त मोकळं व्हावं म्हणून काढली असतील. चित्रकाराला तो हक्क आहे. आणि चित्र झालंय चांगलंच. पण त्या पुसण्यानं काय झालं ते बघा. दोघं भिंतीवर होते तोवर खालचा तिसरा त्यांचा साथीदार होता. नारळ पडायची वाट बघणारा, रस्त्यावर नजर ठेवणारा. वरचे दोघं गेले आणि तोच तिसरा बिचारा झाला. तेच पोर, तीच जागा, तेच उभं राहणं. पण आता त्याच्याकडं बघून फक्त कीव येते.

हे मला एवढं का झोंबलं? कारण हाच धंदा मीही केलाय.

तीन वर्षांपूर्वी मी एक कविता लिहिली. गावाबाहेरची बाग, भोवती भिंत, आत पिकलेले पेरू, आणि बाहेर महारवाड्यातलं एक पोर टाचा उंचावून वास घेतंय. एका मोठ्या शहरात कविसंमेलन होतं, तिथं वाचली. लोक डोळे पुसत होते. एक प्राध्यापक भेटायला आले. म्हणाले, ‘‘फार संयत लिहिता तुम्ही. आक्रस्ताळेपणा नाही.’’ मी खूश. एका मासिकानं मागून घेऊन छापली. तो अंक घेऊन मी गावी गेलो आणि आईला वाचून दाखवली.

आई चुलीपुढं. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली,

‘‘आणि वरची दोघं कुठं हायत?’’

‘‘कोण दोघं?’’

‘‘आरं, भिताडावर चढल्याली. तुझा दादा आणि शेजारचा. तू खाली टावेल पसरून झेलाय उभा हुतास न्हवं?’’

‘‘ते नाही घातलं, आये.’’

‘‘का? चोरी म्हणून लाज वाटली व्हय? तुझ्या बापानं वाड्यावर जाऊन हात जोडलं, ते काय नुसत्या वासापायी?’’

मी गप्प. तव्यावरची भाकरी करपली, तिचंही लक्ष नव्हतं.

खरी गोष्ट ती होती. मी आठ वर्षांचा. चुलतभाऊ तेराचा. भिंतीवर काचा लावलेल्या. दादानं काचांवर पोतं टाकलं, तरी एक काच तळहातात घुसली. रक्त पेरूंना लागलेलं, ते आम्ही ओढ्यावर धुऊन खाल्ले. एवढे गोड पेरू पुन्हा कधी खाल्ले नाहीत. दुसऱ्या दिवशी मार, परवा बापाची माफी. पण त्या संध्याकाळी ओढ्यावर आम्ही तिघं राजे होतो. कवितेत मी मार ठेवला नाही, राजेपण ठेवलं नाही, दादा ठेवला नाही. ठेवलं फक्त टाचा उंचावणारं पोर. कारण मला आतून ठाऊक होतं की खुर्चीवर बसलेल्यांना कोणतं पोर आवडतं. बाहेर उभं राहून बघणारं आवडतं. भिंतीवर चढलेलं पोर म्हणजे त्यांच्या बागेचा प्रश्न.

होमरला निदान मासिकाचं गिऱ्हाईक होतं. मला कोण होतं? मी माझ्याच भावाला खरवडून काढला आणि त्या जागी भिंत नीट केली.

होमर तेरा वर्षांनी पुन्हा बहामाला गेला. १८९८ साली त्यानं आणखी एक चित्र केलं, ‘अ वॉल, नासाऊ’. पुन्हा भिंत. भिंतीपल्याड तांबड्याभडक पानांचं झाड, मागं समुद्र. माणूस एकही नाही. पण भिंतीच्या माथ्यावर फुटक्या काचा आहेत. नीट रंगवलेल्या.

हे चित्र बघून मी एकटाच मोठ्यानं हसलो. अरे, भिंतीवर कुणी चढतच नसेल तर काचा कशाला लावतात? १८८५ च्या चित्रातून जी दोन पोरं पुसली, त्यांची साक्ष १८९८ च्या चित्रातली काच देते. पोरं पुसता येतात, पण ती चढत होती हे पुसता येत नाही. मालकानंच ते भिंतीवर लिहून ठेवलेलं असतं. दादाच्या तळहातावरही लिहिलेलं आहे, अजून आहे.

भिंत दगडाचीच असते असं नाही. माझा पणजा मुंबईला गिरणीत होता. त्या काळी विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातली कांडी बदलली की नव्या कांडीचा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्णाच्या तोंडाला कसा चालणार? म्हणून दार बंद. गिरणीच्या आत भिंत, दिसत नाही, पण आहे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघड मांडला. संप करता, एकजूट म्हणता, मग ह्या दाराचं काय ते आधी सांगा. हे विचारणं म्हणजे भिंतीवर चढणं.

आणि त्याच्या आदल्या वर्षी महाड. २० मार्च १९२७. क्षणभर विचार करा, कुणी महाडचं चित्र काढलं आणि त्यात एक तहानलेलं पोर चवदार तळ्याच्या काठावर उभं राहून पाण्याकडं बघतंय एवढंच दाखवलं, तर? चित्र सुंदर होईल. संयत होईल. प्राध्यापक डोळे पुसतील. आणि ते चित्र खोटं असेल. कारण त्या दिवशी माणसं बघत उभी राहिली नव्हती. ती पाण्याकडं गेली आणि त्यांनी ओंजळ भरली. त्यानंतर डोकी फुटली. काच लागली. पण ओंजळ आधी आणि डोकी नंतर. आपण लिहिताना फुटलेली डोकी ठेवतो आणि ओंजळ विसरतो.

नासाऊची पोरंही बघत उभी राहिली नाहीत. १ जून १९४२ रोजी विमानतळाच्या कामावरचे मजूर मजुरी वाढवून मागत, व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्या त्या बे स्ट्रीटवर चालून गेले. ४ शिलिंग रोज मिळत होता, त्यांना ८ हवे होते. १० जानेवारी १९६७ च्या निवडणुकीनंतर काळ्या बहुसंख्यांचं सरकार आलं. १० जुलै १९७३ ला देश स्वतंत्र झाला. ‘गुलामगिरी’ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, आणि इकडं पँथर निघाली त्याच्या पुढच्या वर्षी. पुसलेल्या पोरांची नातवंडं फाटक उघडून आत गेली. आत गेल्यावर सगळं गोड झालं असं मी म्हणत नाही. आपल्याला आत गेल्यावरचं काय ते चांगलं ठाऊक आहे.

एक गोष्ट उरली. होमरच्या चित्रांच्या नावांत बघा. बाग आहे, भिंत आहे, शंख काढणारे आहेत. माणसाचं नाव नाही. नाव आहे ते फक्त खाली कोपऱ्यात, चित्रकाराचं. त्याच बेटांवर पुढं एक चित्रकार झाला, एमॉस फर्ग्युसन. जन्म १९२०, एक्झुमा बेटावरचा. घरांना रंग द्यायचं काम करायचा. घराचाच रंग घेऊन पुठ्ठ्यावर चित्रं काढायचा. आपली माणसं, आपले सण, आपल्या बायका, आपली पाखरं. बायको बाजारात गवताच्या विणलेल्या वस्तू विकायची, तिथंच त्याची चित्रंही ठेवायची. १९८५ साली अमेरिकेत हार्टफर्डच्या मोठ्या संग्रहालयात त्याचं प्रदर्शन भरलं. होमरनं ती बाग रंगवली त्याला तेव्हा शंभर वर्षं झालेली. २००९ साली तो गेला. आपल्या चित्रांवर तो सही करायचा, ‘पेंट बाय मिस्टर एमॉस फर्ग्युसन’. मिस्टर! व्याकरण गेलं खड्ड्यात, पण मिस्टर सोडला नाही. ज्यांच्या आज्या-पणज्याला अख्ख्या गावानं अरेतुरे केलं, त्यांना ह्या एका शब्दाचं वजन मी समजावून सांगायला नको. भिंतीबाहेरच्या पोरानं ब्रश हातात घेतला की पहिल्यांदा तो आपलं नाव पुरं लिहितो.

होमर मोठा चित्रकार आहे. ते चित्र मी खोलीत भिंतीला लावलंय, पुस्तकातलं पान कापून. पण त्याच्या शेजारी काचांच्या भिंतीचं पानही लावलंय. दोन्ही एकत्र बघायची. एकटं एक बघितलं की फसवतं.

मित्रांनो, तुम्ही मोर्चे काढता, शिबिरं घेता, रात्र रात्र पत्रकं लिहिता. अत्याचार झाला की आपण लिहितो, मारलं, जाळलं, हाकललं. ते लिहिलंच पाहिजे. पण मारलं का? तो माणूस त्याआधी काय करत होता? घोड्यावरून वरात काढत होता, पाण्याला हात लावत होता, मजुरी मागत होता, जमिनीच्या तुकड्यासाठी अर्ज करत होता. म्हणजे भिंतीवर चढलेला होता. ते आधी लिहा. नाहीतर आपल्या हातानंच त्याला खाली उतरवून बिचारा करून ठेवू, आणि मग टाळ्या वाजतील.

परवा दादाला फोन केला. तो भिवंडीला लूमवर असतो. सगळं सांगितलं, बेट, चित्रकार, पुसलेली पोरं. त्यानं शांतपणे ऐकलं. मागं लूमची खडखड. मग म्हणाला, ‘‘कविता पुन्हा लिव. माझं नाव घाल. पुरं घाल, बापाच्या नावासकट.’’

मी म्हटलं, घालतो.

‘‘आणि पेरू किती हुतं ते खरं लिव. अकरा हुतं. तू एकटा पाच खाल्लास.’’

कविता लिहून झालीय. पुढच्या अंकाला देईन. अकरा पेरू आहेत तिच्यात.

जय भीम.